पांढरी वाट आधी आखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या नाताळच्या सुटीत इंग्लंडहून आलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या नातीला घेऊन मी पुण्यातील एका टेकडीवर गेले होते. एका हौशी संस्थेने मुलांसाठी तेथे ‘ओरिएंटीअरिंग’ ठेवले होते, आणि नकाशा वाचत रानातून वाट काढण्याच्या या खेळाची नातीला तिकडे चांगली सवय असल्यामुळे आम्ही दोघी उत्साहाने पोहोचलो. साठ-सत्तर मुलांच्या हातात एकसारखा कागद देण्यात आला, शिट्टी वाजली आणि सगळा घोळका एकदम सुटला. पाचव्या मिनिटाला सर्वांत जोरात पळणारा एक मुलगा पुढे, त्याच्या मागे जमेल तितकी मुले आणि अगदी शेवटी कागदाची सुरळी करून धापा टाकत चालणारी लहानगी, असे चित्र होते. “आजी, नकाशा कोणीच का बघत नाही?” असे नातीने विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. पहिल्या तिघांना चषक मिळाले, बाकीच्यांना बिस्किटांचे पुडे. संस्थेच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु हा खेळ आपल्याकडे रुजावा असे मनापासून वाटत असल्यामुळे, तो जेथे रुजला आहे तेथे मी काय पाहिले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

मी एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या नकाशावरच्या रेषा, जवळजवळ आल्या की चढ तीव्र आणि दूर दूर गेल्या की सौम्य, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले याची गणती नाही. पण त्याचा अर्थ पायांनाही कळतो हे मला निवृत्तीनंतर, सरे परगण्यातील लीथ हिलच्या उतारावर नातीच्या मागे चालताना उमगले. मुलीकडे राहायला गेले की शरद ऋतूपासून वसंतापर्यंतचे बरेचसे रविवार असेच रानात जातात. उन्हाळ्यात तेथे नेचे आणि काटेरी झुडपे छातीपर्यंत वाढतात, म्हणून रानातले कार्यक्रम बहुतेक थंडीच्याच दिवसांत होतात.

शेताच्या कडेला मोटारी लावलेल्या असतात, एका तंबूत टेबल मांडलेले असते आणि आपण कोणत्या रंगाचा मार्ग घेणार एवढेच तेथे सांगायचे असते. ब्रिटनमध्ये या मार्गांना रंगांचीच नावे आहेत: पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल, फिकट हिरवा, हिरवा, निळा, तपकिरी आणि काही ठिकाणी काळाही. रान तेच आणि सकाळही तीच. परंतु पांढऱ्या मार्गावर सहा-सात वर्षांचे मूल पायवाटेने दीडेक किलोमीटर जाते, तपकिरी मार्गावर मुरलेला धावपटू पायवाटा सोडून, ओढे-घळी ओलांडत दहा किलोमीटरच्या आसपास अंतर कापतो आणि शेवटच्या रेषेवर दोघे एकामागोमाग येतात.

यात मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे अंतर आणि अवघडपणा यांची त्यांनी केलेली फारकत. लाल मार्ग लांब आहे, पण नकाशाच्या दृष्टीने नारिंगीइतकाच सोपा आहे. ज्याचे पाय तयार आहेत पण नकाशाशी नुकतीच ओळख झाली आहे, त्याच्यासाठी तो आखलेला असतो. हिरवा मार्ग आखूड आहे, पण त्यावरील कोडी तपकिरी मार्गाइतकीच अवघड असतात. म्हणूनच पंचाहत्तरी ओलांडलेली माणसे हिरव्या मार्गावर जातात आणि पळणाऱ्या तरुणाला न सापडलेला, निशाण लावलेला खड्डा चालत जाऊन नेमका गाठतात. आपल्याकडे ‘नवशिके’ म्हणजे कमी अंतर आणि ‘प्रगत’ म्हणजे जास्त अंतर एवढाच हिशेब केला जातो, तो येथे उपयोगी पडत नाही.

पांढऱ्या मार्गाचा नियम असा आहे की जेथे जेथे वाटेला फाटा फुटतो, तेथे तेथे कंट्रोल, म्हणजे नकाशावर दाखवलेले आणि क्रमाने गाठायचे नारिंगी-पांढरे कापडी निशाण, असलेच पाहिजे. मूल निशाणापाशी आले की थांबते, समोरच्या वाटा आणि कागदावरच्या वाटा जुळेपर्यंत नकाशा हातात फिरवते आणि मगच पुढे निघते. चुकले तरी फार दूर जात नाही. पिवळ्या मार्गावर दोन निशाणांच्या मध्ये एखादा निर्णय स्वतः घ्यावा लागतो. नारिंगीवर प्रथमच पायवाट सोडून होकायंत्राच्या आधाराने जावे लागते, मात्र निशाणाच्या पलीकडे एखादा ओढा किंवा कुंपण असेल, म्हणजे पुढे गेलेल्याला आपण पुढे आलो हे कळेल, याची काळजी आखणाऱ्याने घेतलेली असते. अगदी तान्ह्यांपेक्षा जरा मोठ्या पोरांसाठी झाडांमधून एक दोरी बांधून नेतात आणि दोरीच्या कडेने चित्रे लावतात. आईबाप मागून चालतात. मार्ग आखणारे एक गृहस्थ मला म्हणाले की तपकिरी मार्ग त्यांनी घरी टेबलावर एका संध्याकाळी आखला, पांढऱ्यासाठी मात्र तीनदा रानात जावे लागले, कारण सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून निशाण दिसते की नाही हे गुडघ्यावर बसल्याखेरीज कळत नाही.

घोळका एकदम सोडण्याचा प्रकार या रविवारच्या कार्यक्रमांत मी कधी पाहिला नाही. एका मार्गावरचे लोक एकेका मिनिटाच्या अंतराने निघतात, त्यामुळे कोणाच्या मागे जाण्याची सोय उरत नाही. बोटाला अडकवलेली एक छोटी इलेक्ट्रॉनिक कांडी प्रत्येक निशाणावरच्या पेटीत घालायची आणि शेवटी छापील पट्टी घ्यायची, जिच्यावर प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते उमटलेले असते. खरी शाळा त्यानंतर भरते. चिखलाने माखलेली माणसे गाडीच्या टपावर नकाशा पसरून, आपण टेकाडाला वळसा का घातला आणि दुसऱ्याने ते सरळ का चढले, यावर अर्धा अर्धा तास वाद घालतात, आणि त्या वादात अकरा वर्षांच्या मुलाचे म्हणणे मोठे धावपटूही ऐकून घेतात. हेच धावपटू दुपारी रानात परत जाऊन निशाणे गोळा करून आणतात. आज धावणारा पुढच्या महिन्यात टेबलावर बसतो किंवा मार्ग आखतो.

या खेळाचा इतिहासही आपल्या आयोजकांनी ध्यानात घ्यावा असा आहे. लष्करी सराव म्हणून उत्तर युरोपात सुरू झालेल्या या प्रकाराची पहिली खुली नागरी स्पर्धा १८९७ मध्ये नॉर्वेत झाली, पण त्याला लोकांचा खेळ केले ते स्वीडनच्या मेजर अर्न्स्ट किलँडर यांनी. तरुण मुले मैदानावरच्या धावण्याकडे पाठ फिरवू लागली आहेत हे पाहून त्यांनी १९१९ मध्ये स्टॉकहोमच्या दक्षिणेकडील रानात मोठी स्पर्धा घेतली आणि तिला दोनशेहून अधिक तरुण आले. नुसत्या धावण्याचा कंटाळा आलेल्या मुलांसाठी जो खेळ वाढवला गेला, त्यातून नकाशा वजा करून आपण मुलांना पुन्हा नुसते धावायला लावत आहोत.

मोजदादीची गोष्ट तर मला फार गंभीर वाटते. तिकडे मार्ग पूर्ण केला असो वा अर्ध्यावर सोडलेला असो, शेवटच्या तंबूत येऊन नोंद केल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही, कारण नोंद नसलेल्या माणसाला शोधायला लोक रानात निघतात. आमच्या टेकडीवर बक्षीस समारंभ उरकल्यावर दोन मुले कमी असल्याचे लक्षात आले. ती खाली भेळेच्या गाडीवर सापडली, म्हणून त्याचे हसू झाले.

नकाशाविषयी थोडे लिहिते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जे स्थलदर्शक नकाशे आम्ही वर्गात वापरत असू, ते बहुधा १:५०,००० प्रमाणाचे असतात. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक. त्यावर शहरातली टेकडी नखाएवढी दिसते. या खेळाला १:१०,००० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणाचा, पाच मीटरच्या समोच्च रेषांचा नकाशा लागतो आणि त्याची रंगभाषाही निराळी असते: सहज पळता येईल असे रान पांढरे, दाट झाडी हिरवी आणि मोकळे माळरान पिवळे. असा नकाशा विकत मिळत नाही, तो पायी फिरून करावा लागतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नकाशांविषयीचे नियम बरेच सैल केले आहेत, आणि नकाशा काढण्यासाठी ‘ओपन ओरिएंटीअरिंग मॅपर’ व मार्ग आखण्यासाठी ‘पर्पल पेन’ ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. तेव्हा अडचण पैशांची कमी आणि चिकाटीची जास्त आहे. एखाद्या महाविद्यालयाचे विस्तीर्ण आवार हे सुरुवातीला टेकडीपेक्षा बरे, कारण एकाच मालकाची परवानगी पुरते आणि जुन्या खाणी, विहिरी, मोकाट कुत्री यांची धास्ती कमी असते. टेकडीवर जायचेच असेल तर वन विभागाची रीतसर संमती घ्यावी आणि पावसाळ्यानंतरचे गवत वाळून बसेपर्यंत थांबावे.

पहिल्याच वर्षी नऊ रंग आणण्याची काहीच गरज नाही. एक पांढरा मार्ग, एक नारिंगी आणि ज्यांना स्पर्धा हवी आहे त्यांच्यासाठी एक हिरवा, एवढे पुरेसे आहे, आणि त्यांतला पांढरा सर्वांत आधी व सर्वांत काळजीपूर्वक आखला जावा. चषक द्यायचे असतील तर ते हिरव्यावर द्यावेत. पांढऱ्या मार्गावरून परतलेल्या मुलाला तो नकाशा घरी नेऊ द्यावा. नातीने तिचे सगळे नकाशे खोलीच्या भिंतीवर लावले आहेत आणि चुकलेल्या जागांवर लाल पेन्सिलीने खुणा केल्या आहेत.

या महिन्याअखेरीस मी पुण्यात परतते आहे आणि मार्चपर्यंत तेथेच असेन. एखादी शाळा, महाविद्यालय किंवा ज्या संस्थेविषयी मी वर लिहिले ती संस्थादेखील आपल्या आवाराचा किंवा टेकडीचा नकाशा करायला निघणार असेल, तर होकायंत्र घेऊन सोबत फिरायला मी तयार आहे. सकाळी साडेसहाला निघावे लागेल, कारण दहानंतरचे ऊन आता मला सोसत नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, पुणे
(सध्या मुक्काम सरे, इंग्लंड)