दुसऱ्या घटनादुरुस्तीचे पूर्ण वाक्य छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की आपल्याकडच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेले असते : ‘अमेरिकेच्या राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला बंदूक बाळगण्याचा हक्क दिला आहे.’ आपल्या दैनिकातही ते मी अनेकदा वाचले आहे. घटनेत असे वाक्य नाही. १५ डिसेंबर १७९१ रोजी अमलात आलेली दुसरी घटनादुरुस्ती इंग्रजीत अवघ्या २७ शब्दांची आहे. तिचा अर्थ साधारण असा : ‘सुनियंत्रित मिलिशिया ही मुक्त राज्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याने, शस्त्रे बाळगण्याच्या व धारण करण्याच्या (‘कीप अँड बेअर आर्म्स’) लोकांच्या हक्काला बाधा आणली जाणार नाही.’ मूळ इंग्रजीतले पहिले १३ शब्द, म्हणजे मिलिशियाचा भाग, बातमीत कधीच येत नाहीत. माझी सगळी वकिली दिवाणी न्यायालयात गेली. खरेदीखतातला अर्धा मजकूर झाकून उरलेल्या अर्ध्यावर हक्क सांगणारे पक्षकार मी पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून हे पत्र.

मिलिशिया म्हणजे पगारी फौज नव्हे. गावोगावचे शेतकरी, सुतार, दुकानदार ठरल्या दिवशी मैदानात जमून कवायत करत आणि वेळ आली की राज्यासाठी लढायला जात. खडी फौज राज्यकर्त्याच्या हाती गेली की जुलूम होतो, ही भीती त्या पिढीने इंग्रजांच्या राजवटीत अनुभवलेली होती. १७९२ च्या मिलिशिया कायद्याने १८ ते ४५ वयाच्या, धडधाकट, स्वतंत्र गोऱ्या पुरुषांवर बंधन घातले की प्रत्येकाने स्वतःची बंदूक, संगीन आणि ठरावीक काडतुसे स्वखर्चाने घ्यावीत. कवायतीला हजर राहणे हेही त्यातच आले. (‘लोक’ या शब्दात तेव्हा कोण मोजले जात नव्हते, हेही या कायद्यावरून कळते.) त्या काळच्या माणसाला हक्क आणि कर्तव्य एकत्रच दिसत होते.

२००८ साली ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की हा हक्क व्यक्तीचा आहे आणि मिलिशियाशी संबंध नसलेल्या माणसालाही घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवता येईल. न्या. अँटोनिन स्कॅलिया यांनी घटना लिहिली गेली त्या काळच्या भाषेवरच निकाल बेतला. सॅम्युअल जॉन्सनचा अठराव्या शतकातला शब्दकोश, नोहा वेबस्टरचा १८२८ चा शब्दकोश, राज्यांच्या जुन्या घटना, सगळे त्यांनी तपासले. वाक्याचा पहिला भाग हेतू सांगतो, पण दुसऱ्या भागातल्या हक्काला मर्यादा घालत नाही, असे त्यांचे म्हणणे. ‘बेअर’ म्हणजे जवळ वागवणे आणि ‘आर्म्स’ म्हणजे हत्यारे, म्हणून ‘बेअर आर्म्स’ म्हणजे हत्यार जवळ वागवणे, अशी ही मांडणी.

पद्धत मला मान्य आहे. ज्यांनी कायदा केला त्यांच्या काळात त्या शब्दांचा जो अर्थ होता तोच धरावा, नाहीतर न्यायाधीश बदलला की घटना बदलेल. पण वाक्प्रचाराचे असे दोन तुकडे करून अर्थ लागत नाही. ‘वासुदेव बळवंत फडक्यांनी शस्त्र हाती घेतले’ असे आपण म्हणतो. रानडुकरे हाकलायला बंदूक घेऊन रात्री शेतावर जाणाऱ्या कोकणातल्या माणसाबद्दल असे कोणी म्हणत नाही. दोघांच्याही हातात हत्यारच असते. टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४० मध्ये नेमके हेच म्हटले होते : हरणे आणि रानरेडे यांच्या मागावर चाळीस वर्षे रोज रायफल घेऊन फिरणाऱ्या माणसाने ‘बेअर आर्म्स’ केले, असे कधीच म्हटले जाणार नाही. या दुरुस्तीचा जेम्स मॅडिसन यांनी जून १७८९ मध्ये मांडलेला मूळ मसुदा पाहा. धर्मश्रद्धेमुळे ‘बेअर आर्म्स’ करण्यास ज्याचे मन घेत नाही त्याच्यावर लष्करी सेवेची सक्ती करू नये, असे कलम त्यात होते. पुढे ते गळले. पण मसुदा करणाऱ्याच्या मनात या शब्दांचा कोणता अर्थ होता, याचा याहून जवळचा पुरावा कोणता? हेलर खटल्यात न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी आपल्या विरोधी मतात हाच मुद्दा मांडला होता.

त्यानंतर ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने घटनेच्या काळातल्या अमेरिकी लेखनाचा प्रचंड संग्रह संगणकावर खुला केला. पत्रे, कायदे, वृत्तपत्रे, प्रवचने, सगळे एका ठिकाणी. इलिनॉय विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ डेनिस बॅरन यांनी अशा संग्रहांतून सतराव्या-अठराव्या शतकातले ‘बेअर आर्म्स’चे सुमारे दीड हजार वापर काढले. युद्ध, सैनिकी सेवा किंवा संघटित सशस्त्र कृती यांच्याशी संबंध नसलेले वापर त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. ‘अगेन्स्ट’ (विरुद्ध) हा शब्द पुढे आला तरच या वाक्प्रचाराला निश्चितपणे सैनिकी अर्थ येतो, हे हेलर निकालातले स्कॅलियांचे विधान यापुढे टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी बाजू पोकळ आहे असे मी म्हणत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या घटनेत ‘स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी’ शस्त्रे धारण करण्याचा हक्क आहे. दुरुस्तीत ‘कीप’ हे क्रियापद वेगळे आहे, आणि हेलरचा वाद मुळात घरात ठेवायच्या पिस्तुलाचाच होता. ‘लोकांचा हक्क’ हेच शब्द पहिल्या आणि चौथ्या दुरुस्तीतही आहेत आणि तिथे ते व्यक्तीच्या हक्काबद्दलच वाचले जातात. यातला एकही मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्यामुळे पहिले १३ शब्द कागदावरून पुसले जात नाहीत. एरवी न्यायालये कायद्यातला कोणताही शब्द निरर्थक मानायला तयार नसतात.

शब्दांचा ताण कुठवर जातो ते पुढे दिसले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाने न्यूयॉर्कच्या शतकभर जुन्या परवाना कायद्यातली खास कारण दाखवण्याची अट रद्द केली आणि बंदुकीवरचे प्रत्येक बंधन इतिहासातल्या परंपरेशी जुळवून दाखवायला सांगितले. लगेच प्रश्न आला की घरातल्या बाईला मारहाण करणाऱ्या, न्यायालयाचा मनाई हुकूम असलेल्या पुरुषाची बंदूक काढून घ्यायची की नाही? अठराव्या शतकात असा कायदा नव्हता, कारण बायकोला मारणे हा फारसा गुन्हाच मानला जात नव्हता. २०२४ च्या रहिमी निकालात आठ न्यायाधीशांनी बंदी कायम ठेवली. हुबेहूब जुना कायदा सापडलाच पाहिजे असे नाही, हे त्यांना सांगावे लागले.

हा वाद आपल्यालाही परका नाही. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले, त्याचा सल मोठा होता. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्रे बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मागितला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. कोणीही बाजारात जाऊन वाटेल ती हत्यारे घेऊ लागला तर राज्य चालणार कसे, असे त्यांनी विचारले. आग्रह धरायचा तर शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा, असेही ते म्हणाले. दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्या घटनेत जमण्याचा हक्क आहे तो शांततेने आणि विनाशस्त्र.

आज कितीतरी मराठी घरांतली मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. तिथल्या शाळांत गोळीबार झाला तर काय करायचे याचा सराव या नातवंडांकडून करून घेतला जातो. त्यांच्या आजी-आजोबांना निदान तो कायदा काय म्हणतो हे नीट कळले पाहिजे. म्हणून विनंती अशी की पुढच्या वेळी बातमीशेजारी चौकटीत दुसऱ्या दुरुस्तीचे पूर्ण वाक्य, पहिल्या १३ शब्दांसह, छापावे. आणि ‘घटनेने हक्क दिला’ असे न लिहिता ‘सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घटनेचा असा अर्थ लावला’ असे लिहावे.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा