सायलीच्या पदवीदानाबद्दल, आणि यवतमाळबद्दलही

प्रिय आई, बाबा,

रविवारी फोन मी कापला नव्हता हो बाबा, खरंच बॅटरी गेली होती, पण गेली ते बरंच झालं कारण पुढे मी काय बोलले असते माहीत नाही. म्हणून आता टाइप करतेय, हे निदान आईला मोठ्याने वाचून दाखवता येईल तुम्हाला.

मामाचं म्हणणं मला कळतं. त्याची पोरगी सायली दोन वर्षं इथे अमेरिकेत घासतेय, डोक्यावर एज्युकेशन लोन, आणि पदवीदानाला बोलायला कोणी राजकारणी येणार म्हणून ही आणि हिच्या मैत्रिणी त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहणार म्हणतायत. मामा घाबरलाय. तुम्ही मात्र घाबरला नाहीत, चिडलात. "असल्यांना उचलून बाहेर काढायला पाहिजे, पाहुण्यांसमोर तमाशा" असं म्हणालात, आणि तू तिथे आहेस तर तिला समजाव म्हणून माझ्यावर सोडलंत.

बाबा, २०१४ आठवतंय ना? माझ्या पदवीदानाला तुम्ही दोघं पहिल्यांदा आला होतात, मे महिना, पिस्कॅटवेचं ते एवढं मोठं स्टेडियम, आई पैठणीवर स्वेटर आणि पायात माझे स्पोर्ट्स शूज घालून बसली होती. माझ्या रटगर्स युनिव्हर्सिटीला कॉन्डोलीझा राईस येणार म्हणून तुम्ही निघायच्या आधी अख्ख्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं, अमेरिकेची माजी परराष्ट्रमंत्री आमच्या मुलीच्या कार्यक्रमाला! मग त्या आल्याच नाहीत. मी तुम्हाला सांगितलं की त्यांचं काहीतरी कॅन्सल झालं. ते अर्धवट होतं, पूर्ण आज सांगते.

इराक युद्धाच्या वेळी त्या बुशच्या सुरक्षा सल्लागार होत्या, ज्या शस्त्रांच्या नावाने युद्ध केलं ती शेवटी सापडलीच नाहीत, कैद्यांच्या छळाचा विषय होता तो वेगळाच, आणि अशा माणसाला मानद डॉक्टरेट आणि वर ३५,००० डॉलर्स का द्यायचे म्हणून आधी प्राध्यापक लोकांनी ठराव केला, मग एप्रिलच्या शेवटी पोरं ओल्ड क्वीन्समध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटचं ऑफिस होतं त्या बिल्डिंगमध्ये, जाऊन ठिय्या देऊन बसली. आठवड्याभरात राईसबाईंनीच कळवलं की मी येत नाही, आनंदाच्या दिवशी माझ्यामुळे भलताच विषय नको. (पैशांचं म्हणाल तर २०११ मध्ये ह्याच रटगर्सने नोबेलवाल्या टोनी मॉरिसनना पदवीदानाच्या भाषणाचे ३०,००० दिले होते, आणि त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या फंडातून स्नूकी नावाच्या रिअ‍ॅलिटी शोवाल्या बाईला ३२,०००. त्यावर अजून हसतात इथे.)

मी त्या ठिय्यात नव्हते. सहीसुद्धा केली नाही, विद्यार्थ्यांचा एफ-वन व्हिसा, हिंमतच नव्हती. पण बातमी आली त्या रात्री आम्ही रूममेट्सनी पिझ्झा मागवला होता, जिंकलो म्हणून. दुसऱ्यांच्या ठिय्यावर आमची पार्टी.

त्यांच्या जागी टॉम कीन आले, न्यू जर्सीचे माजी गव्हर्नर. गंमत म्हणजे ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या कमिशनचे अध्यक्ष हेच, २००४ मध्ये राईसबाई ह्यांच्यासमोरच साक्षीला बसल्या होत्या. साक्ष घेणारा आला आणि देणारी राहिली. तुम्ही म्हणालात, माणूस सज्जन वाटला. आई म्हणाली कोण बोललं मला कळलंच नाही, सगळ्यांचे झगे सारखे, मी तुझी टोपी शोधत होते.

माझा तो पिझ्झा कडू कधी झाला सांगू का, जानेवारी २०१९ मध्ये. आपल्या यवतमाळात साहित्य संमेलन, तुम्ही महिनाभर आधीपासून हवेत, आणि उद्घाटनाला नयनतारा सहगल येणार म्हणून त्यांच्याबद्दल मलाच लेक्चर देत होतात, नेहरूंची भाची, आणीबाणीत मामेबहिणीच्या म्हणजे साक्षात इंदिरा गांधींच्या विरोधात उभी राहिलेली बाई. आणि मग आयोजकांनी कळवलं, येऊ नका. इंग्रजी लेखिका कशाला म्हणून कोणी धमकी दिली हे निमित्त, खरं दुखणं त्यांनी २०१५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार परत केल्याचं आणि त्या काय बोलतील ह्याचं. तुम्ही रात्री दोनला (तुमच्या दोनला!) मला फोन केला होतात. आवाज थरथरत होता तुमचा. म्हणालात, "९१ वर्षांच्या म्हातारीला घरी बोलावून दारातून परत पाठवलं, यवतमाळची लाज गेली." मी नुसतं हं हं करत होते, कारण मला तो पिझ्झा आठवत होता.

आता दोन्ही एकच आहे असं मी म्हणत नाहीये. राईसबाई स्वतःहून थांबल्या, सहगलबाईंना थांबवलं. एकीला देशातले सगळे माईक उघडे, दुसरीकडे फक्त लिहून आणलेलं एक भाषण. पण सज्जन बदली पाहुणा आणला की झालं गेलं झाकलं जातं, हे दोन्हीकडे सेम टू सेम झालं. आपल्याकडे वैशालीताई येडे यांनी उद्घाटन केलं, शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेली बाई, काय बोलल्या त्या, आई रडली होती, आणि बोलल्याच पाहिजे होत्या. पण म्हणून आधीची फजिती पुसली गेली का? अरुणा ढेरेंनी अध्यक्षपदावरून तिथेच सुनावलं ते बरं केलं. आणि ज्या बायका सहगलबाईंचे मुखवटे घालून मांडवात बसल्या होत्या, बाबा, त्यांचं तुम्ही किती कौतुक केलं होतंत! तो तमाशा नव्हता का पाहुण्यांसमोर? सायली काय वेगळं करतेय?

२०१६ मध्ये ओबामा रटगर्सला आले, तेव्हा बोलता बोलता हा विषय काढला, म्हणाले मला राईसबाईंचं धोरण पटत नाही पण त्यांना ऐकूनच न घेणं चूक होतं, बोलवा आणि अवघड प्रश्न विचारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही व्हिडिओ बघून मान डोलावली. पण नंतर वाटलं, अहो, पदवीदानात प्रश्न विचारायला माईक असतो कुठे? एक जण बोलणार, हजारो जण उन्हात बसून ऐकणार, मध्ये उठायचं नाही. मग पाठ करणं हाच काय तो प्रश्न.

आणि त्याने काही मोडत नाही हो. २०१७ मध्ये नोत्र दाम युनिव्हर्सिटीत तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स बोलायला उभे राहिले तेव्हा शंभरेक पोरं उठून चुपचाप निघून गेली, भाषण पूर्ण झालं. त्याच महिन्यात फ्लोरिडातल्या बेथून-कुकमनमध्ये तेव्हाच्या शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस यांना पोरांनी हुर्यो केली, पाठ फिरवली, कॉलेजचे प्रेसिडेंट मध्येच माईक घेऊन म्हणाले असंच चाललं तर डिग्र्या पोस्टाने पाठवीन. तरी त्या शेवटपर्यंत बोलल्या. घाबरून आधीच गुंडाळतात तिथे खरं बिघडतं. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात यूएससी नावाच्या युनिव्हर्सिटीने पहिल्या आलेल्या मुस्लिम मुलीचं भाषण सुरक्षेचं कारण सांगून रद्द केलं, तिने पॅलेस्टाईनबद्दल काही पोस्ट केलं होतं म्हणून ओरड झाली होती, मग बाहेरचे वक्ते रद्द, मग मुख्य सोहळाच रद्द, जिथे ६५,००० लोक जमायचे. एका मुलीची पाच मिनिटं टाळायला!

एक गोष्ट मात्र खटकते. दर वेळी तुमचं नाव पुढे करतात, म्हणजे आईबापांचं. लांबून आलेत, त्यांचा दिवस खराब करू नका. आई, तूच सांग, त्या दिवशी कोणी उठून गेलं असतं तर तुझा दिवस खराब झाला असता का? तू टोपी शोधत होतीस.

सायलीशी मी बोलले, काळजी नसावी. तिला 'करू नको' म्हटलं नाही आणि 'कर'ही नाही. आत्ताचे दिवस २०१४ सारखे नाहीत, २०२५ च्या मार्चमध्ये टफ्ट्स युनिव्हर्सिटीतल्या एका पीएचडी करणाऱ्या मुलीला कॉलेजच्या पेपरात लेख लिहिल्यावरून इमिग्रेशनवाल्यांनी रस्त्यावरून उचललं होतं, व्हिसा रद्द, सहा आठवडे आत. हे तिला सगळं सांगितलं, व्हिसा तुझा आहे, पाठ पण तुझी आहे. ती म्हणाली ताई, तू काय केलं होतंस? मी पिझ्झा सांगितला. हसली नाही ती.

मामा-मामींना व्हिसाची तारीख मिळाली नाही, त्यामुळे तिच्या चारपैकी दोन पासांवर आम्ही दोघं जातोय. बाबा, तुमचा तो निळा ब्लेझर इथेच राहिलाय २०१४ पासून, ह्याला अंगाला बरोबर बसतो, तोच घालून नेते त्याला. आई, तिला अंबाडीची भाजी हवीय, इथे एडिसनला गोंगुरा म्हणून मिळते, ती आपल्यासारखी कशी करायची ते व्हॉइस मेसेज कर, ज्वारीची कणी किती घालायची तेवढंच अडतंय.

फोटो पाठवते. फोटोत तिची पाठ दिसली तर तो मामाच्या ग्रुपवर टाकू नका, मी त्याला आधी फोन करीन.

तुमची,
मनू