सीएनसीचं काम बाहेर द्यायचं का?

पुणे,
१८ जून

प्रिय सुहास,

तुझं पत्र आणि सोबतचा कॉस्टिंगचा कागद मिळाला. ट्रॅक्टरच्या शाफ्टचं टर्निंग (लेथवर फिरवून मापाला कापणं) घरात नगाला २६ रुपये पडतं, कोल्हापुरात उद्यमनगरचा, मजुरीवर काम करून देणारा जॉबवर्कवाला २१ रुपयांत करून द्यायला तयार आहे, महिन्याचे साडेचार हजार नग धरले तर साडेबावीस हजार वाचतात, मग शिरोलीत सीएनसी (संगणकावर चालणारी लेथ) कशाला सांभाळायची, असा तुझा प्रश्न. गणित बरोबर आहे, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. काम बाहेर गेल्यावर तुझ्या खिशातून जाणारे कुठले पैसे खरोखर थांबतात, तेवढेच २१ रुपयांशेजारी मांडायचे.

तुझाच कागद घेतो. मशीन २४ लाखांची, आठ वर्षांनी ४ लाख येतील, म्हणजे वर्षाचा घसारा अडीच लाख. सरासरी १४ लाखांवर दहा टक्के व्याज १ लाख ४० हजार. शेडभाडं आणि ऑफिसचा वाटा १ लाख २० हजार, मेंटेनन्स आणि कूलंट (कापताना थंडाव्यासाठी सोडायचं पाणी) ९० हजार. दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर, पीएफ-ईएसआय धरून ४ लाख ८० हजार. ३०० दिवस, १६ तास, त्यातले ७५ टक्के हाती लागले तर ३,६०० तास. शिवाय तासाला वीज ६० आणि इन्सर्ट (कापणारी पाती) ३० रुपये. सगळं मिळून तासाला ३९०, आणि तासाला १५ नग, म्हणून २६.

आता काम बाहेर गेलं आणि मशीन शेडमध्ये झाकून ठेवली असं धर. घसारा, व्याज आणि भाडं चालूच राहिलं. ते तासाला १४२ रुपये होतात. थांबले फक्त २४८, म्हणजे नगाला साडेसोळा. आणि ऑपरेटरना काढणार नाहीस, असेंब्लीवर बसवशील (तुझा स्वभाव बघता तेच करशील), तर वाचतात फक्त वीज, इन्सर्ट आणि मेंटेनन्स: नगाला पावणेआठ रुपयांच्याही आत. त्याच्या बदल्यात २१ द्यायचे!

बरं, २१ हाही पूर्ण आकडा नाही. सहाशे नगांच्या लॉटला टेम्पोचे जाऊन-येऊन ९०० धरले तर दीड रुपया. परत आलेल्या मालाची तपासणी पाऊण रुपया. त्याच्याकडे रिजेक्शन तुझ्यापेक्षा एक टक्का जास्त निघालं, तर १४० रुपयांचा कापलेला, सेंटरिंग केलेला ब्लँक (टर्निंगआधीचा तुकडा) जातो आणि स्क्रॅपला ४५ येतात. त्याचे जवळजवळ एक रुपया. आठवडाभर माल बाहेर अडकून पडतो त्याच्या व्याजाचे तीस पैसे. म्हणजे घरपोच साडेचोवीस.

मशीन विकलीस तर चित्र बदलतं. घसारा आणि व्याज दोन्ही जातं, राहतो फक्त भाड्याचा वाटा, आणि घरचा टाळता येणारा खर्च होतो पावणेचोवीस. साडेचोवीस विरुद्ध पावणेचोवीस, म्हणजे जवळपास बरोबरी. पण ही बरोबरी मशीनला पुस्तकातली किंमत मिळाली तर. आधी जुन्या मशीनवाल्या दोन दलालांकडून भाव काढ आणि तोच आकडा कागदावर लिही. ऑपरेटर कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस, भरलेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार, ग्रॅच्युइटी वेगळी. तो खर्चही तुझ्या कागदावर नाही.

आणि आता खरं घोडं कुठे पेंड खातंय ते सांगतो. तुझा ब्लँक ३५ मिलिमीटर व्यासाचा, २५० मिलिमीटर लांबीचा. ईएन-८ स्टीलचं वजन येतं जवळजवळ १.९ किलो. टर्निंग झालेला नग तू १.४५ किलो लिहिला आहेस. म्हणजे प्रत्येक नगामागे कापून निघालेलं साडेचारशे ग्रॅम स्क्रॅप. किलोला ३० रुपये धरले तरी साडेतेरा रुपये. आज ते तुझ्या शेडमागे ड्रममध्ये साठतं आणि भंगारवाला महिन्याला पैसे देऊन जातो, पण तुझ्या कॉस्टिंगमध्ये ते ‘इतर उत्पन्न’ म्हणून खाली कुठेतरी पडलंय, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या कोटेशनमध्ये स्क्रॅपबद्दल एक अक्षर नाही. स्क्रॅप त्याच्याकडे राहणार असेल तर त्याचा भाव २१ नाही, साडेचौतीस आहे. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

हे पहिल्याच भेटीत विचार, आणि तोंडी नाही, ऑर्डरमध्ये लिहून घे: स्क्रॅप कोणाचं, परत येणार तर वजन किती टक्के धरायचं, आणि त्याने परस्पर विकलं तर बिलातून किती वजा. काही स्क्रॅप जमिनीवर सांडतंच, म्हणून साडेचारशे ग्रॅमला चारशे वीस-तीसवर तडजोड करायला हरकत नाही. दर महिन्याला हिशोब जुळव: गेलेले नग, आलेले चांगले, मटेरियल रिजेक्शन, मशीनिंग रिजेक्शन, त्याच्याकडे शिल्लक, आणि स्क्रॅपचे किलो. सलग दोन महिने पन्नास-साठ नगांची तफावत ‘पुढच्या लॉटमध्ये बघू’ म्हणून पुढे ढकलली, की वर्षअखेरीला ती सापडत नाही.

तो २१ मध्ये कसं करतो, हेही बघ. तासाला ३१५ रुपये होतात. बहुधा तो स्वतः मशीनवर उभा राहतो आणि स्वतःचा पगार धरत नाही. घसाराही धरत नाही, फक्त बँकेचा हप्ता धरतो. यात गैर काही नाही, पण अशा भावाला टिकाव नसतो. हात आखडला की पहिली काटकसर इन्सर्टवर होते. एका कडेवर जेवढे नग काढायला हवेत त्याच्या दीडपट काढले जातात, साइज हळूहळू सरकते, फिनिश खरखरीत येतो, आणि लॉटमधले शेवटचे शंभर नग सुरुवातीच्या नगांसारखे राहत नाहीत. म्हणून तपासणीला वरचे दहा नग उचलू नकोस. ट्रेवर क्रम लिहायला सांग आणि शेवटच्या ट्रेमधले घे.

दुसरा सल्ला असा की कुठलं ऑपरेशन बाहेर जातंय यावर सगळं अवलंबून आहे. झिंक प्लेटिंग घरात करण्याच्या फंदात पडू नकोस. सांडपाण्याची ट्रीटमेंट, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, हे तुझ्या आकाराला पेलणारं नाही. फक्त हार्ड केलेल्या नगांना प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत दोनशे अंशांच्या आसपास बेकिंग होतंय का, याची नोंद माग. नाही झालं तर हायड्रोजन आत राहतो आणि नग ग्राहकाकडे लोड आल्यावर काही वेळाने अचानक तडकतो. पाठवताना मात्र असा नग डोळ्यांनी ओळखता येत नाही. इंडक्शन हार्डनिंगही (विजेने तापवून वरचा थर कडक करणं) बाहेरच ठीक. ट्रेगणिक हार्डनेस बघ आणि कीवेच्या (चावी बसायच्या खाचेच्या) कोपऱ्याला तडा आहे का, ते मॅग्नाफ्लक्सवर (चुंबकाने तडे दाखवणाऱ्या मशीनवर) तपासून घे.

ग्राइंडिंग मात्र घरातून हलवू नकोस. शेवटची साइज तिथे ठरते आणि आधीच्या सगळ्यांच्या चुका तिथेच उघड्या पडतात. टर्निंगमध्ये व्यासावर ग्राइंडिंगसाठी ०.३ ते ०.४ मिलिमीटर जास्तीचे ठेवायचे असतात. बाहेरच्याने ०.२ ठेवले, तर हार्डनिंगमध्ये थोडा वाकलेला शाफ्ट एका बाजूने साफ होतच नाही. ०.६ ठेवले, तर ग्राइंडिंगला दुप्पट वेळ जातो आणि हार्ड थर घासून पातळ होतो. दोन्ही वेळा खर्च तुझ्या ग्राइंडरवर पडतो, त्याच्या बिलात दिसत नाही. म्हणून ड्रॉइंगवर फायनल साइज नको, त्याच्या टप्प्याची साइज टॉलरन्ससह वेगळी लिही, आणि त्याला तुझ्याच मापाचे गो-नोगो गेज (नग मापात आहे की नाही एवढंच सांगणारे) दे, कॅलिब्रेशनची तारीख घातलेले. त्याच्या मायक्रोमीटरवर आणि तुझ्या मायक्रोमीटरवर वाद घालण्यात जन्म जातो.

एका जॉबवर्कवाल्याकडून माल थेट दुसऱ्याकडे पाठवायला जीएसटीत मुभा आहे. टेम्पोचा खर्चही वाचतो. तरी निदान पहिले सहा महिने मधे एकदा माल घरी येऊ दे. नाहीतर हार्डनिंगवाला टर्निंगवर ढकलेल आणि टर्निंगवाला हार्डनिंगवर.

कागदपत्रांचं थोडक्यात. माल डिलिव्हरी चलनावर पाठव, तीन प्रतींत. वर्षाच्या आत परत यायला हवा. नाही आला तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून करही लागतो आणि व्याजही. जिग, फिक्श्चर (नग धरायची साधनं) आणि टूल यांना ती मुदत नाही, पण चलन त्यांचंही कर. आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या मालाचा तपशील) हा फॉर्म उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वार्षिक. मजुरीच्या बिलावर टीडीएस, माणूस व्यक्ती म्हणून धंदा करत असेल तर एक टक्का, कंपनी किंवा फर्म असेल तर दोन. तो ‘उद्यम’वर (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत) सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेला असणार, सर्टिफिकेट माग. मग लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला की ती रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष देशील त्याच वर्षी खर्चात धरली जाते. हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे आणि मार्चअखेरीस चांगलाच टोचतो. ट्रॅक्टर कंपनी तुला किती दिवसांनी पैसे देते ते बघ. मधल्या फरकासाठी कॅश क्रेडिट पुरेल का, ते आधी बँकेशी बोल.

आणखी एक, कंपनीला न सांगता प्रोसेसची जागा बदलायची नाही. पीपॅपमध्ये (कंपनीने मंजूर केलेल्या प्रोसेसच्या कागदांत) टर्निंग तुझ्या पत्त्यावर दाखवलंय. नवीन जागेचे नमुने, मापांचा अहवाल आणि त्यांची लेखी मंजुरी येईपर्यंत बाहेरचा एक नगही डिस्पॅच करू नकोस. मंजुरीला वेळ लागतो, तेवढ्या दिवसांचा स्टॉक आधी करून ठेव.

पावसाळ्याचा विचारही कर. तू शिरोलीला, तो उद्यमनगरला, मधे पंचगंगा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराने हायवे बंद पडला होता. त्याच्याकडे माल अडकला आणि कंपनीची लाइन थांबली, तर डेबिट नोट (नुकसानीची वसुली) तुझ्या नावावर येते, त्याच्या नाही. जुलै-ऑगस्टमध्ये टर्निंग झालेल्या नगांचा दहा दिवसांचा साठा नदीच्या अलीकडे, तुझ्या शेडमध्ये पाहिजे.

मग बाहेर द्यायचंच नाही का? तसं नाही. तू व्हॉल्व्हच्या स्पूलच्या (आत सरकणाऱ्या दांड्याच्या) चौकशीचं लिहिलं आहेस. मशीन दोन्ही पाळ्या भरलेली असताना ते काम आलं, तर शाफ्ट बाहेर काढायला माझी ना नाही. तासाला १५ शाफ्ट बाहेर करून घ्यायला ३६८ रुपये लागतात. तोच तास स्पूलला दिला आणि मटेरियल वजा जाता ३६८ च्या वर सुटले, तर काम बाहेर गेल्याचा फायदा. चारशेच्या आत असेल तर मला त्यात दम वाटत नाही, कारण नवीन सेटअपला पहिले दोन महिने तास वाया जातातच.

आणि शाफ्टची ऑर्डर वाढली म्हणून दुसरी सीएनसी घेण्याचा विचार असेल, तर आधी तास मोज. एका पाळीत १,८०० तास धरले तर तोच नग ३७ रुपयांना पडतो. बाहेरच्या साडेचोवीसशी बरोबरी व्हायला मशीन वर्षाला साधारण ४,१५० तास चालायला हवी, आणि दोन पाळ्यांत तेवढे मिळत नाहीत. म्हणजे आहे ती मशीन ठेव, वरचं वाढीव काम बाहेर दे. माझं मत विचारशील तर आज तुझ्यासाठी हेच ठीक आहे.

त्याला आधी ५० नग दे, स्क्रॅपसकट परत माग. मग ३००. तिसऱ्या लॉटपासून महिन्याचे हजारभर, त्याहून जास्त नको. प्रोग्रॅम तुझा तुझ्याकडे ठेव आणि मशीन स्पूलला लावलीस तरी महिन्यातून शाफ्टचा एक लॉट घरच्या मशीनवर चालवत जा, म्हणजे त्याने दिवाळीआधी किंवा मार्चमध्ये मोठ्या पार्टीचं काम आधी घेतलं तरी तुझं अडणार नाही.

मला दोन आकडे कळव: गेल्या तीन महिन्यांत भंगारवाल्याने नेलेले किलो आणि मशीनचा दलालाने सांगितलेला भाव. ते आले की कागद पुन्हा मांडून पाठवतो. वहिनींना आणि काकांना नमस्कार.

तुझा,
मिलिंद