तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

प्रिय काकू,

सादर नमस्कार.

तुम्ही ॲरिझोनाला मुलाकडे राहायला गेलात त्याला चार महिने झाले. निघताना जिन्यात उभ्या उभ्या जेवढं सुचलं तेवढं बोलले, बाकीचं घशातच राहिलं. आपण दर रविवारी फोनवर बोलतो, पण तुमचे आभार मानायला लागले की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

आपली ओळख कशी झाली आठवतं ना? ऑगस्टमधली रात्र होती, आम्हाला अमेरिकेत येऊन तीन दिवस झाले होते. लेक खांद्यावर झोपलेली, लिफ्ट बंद, आणि मी दाराला किल्ली लावत होते. किल्ली फिरेना. तेवढ्यात दार आतून उघडलं आणि समोर तुम्ही. माझा चेहरा बघून तुम्ही मराठीत विचारलंत, "दुसऱ्या मजल्यावर राहता का?" इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे दुसरा मजला म्हणजे एकच जिना. मी सवयीने दोन चढले होते. मी माफी मागायला लागले तर तुम्ही म्हणालात, "माफी कसली? तू बरोबर मोजलेस, मोजायला सुरुवात कुठून करायची हे तुला कुणी सांगितलं नाही."

काकू, त्या एका वाक्याने मला किती धीर आला, हे मला आजवर तुम्हाला नीट सांगता आलेलं नाही. देश सोडण्याआधी मोठ्या गोष्टींची तयारी सगळ्यांनी करून घेतली होती. थंडी, एकटेपणा, कागदपत्रं, सगळं. पण दिवसभरात पन्नास वेळा अडखळायला लावतात त्या बारीक गोष्टी, आणि त्या कुणाला सांगताही येत नाहीत. "बटण उलटं आहे म्हणून रडू आलं" असं कुणाला सांगणार? सांगितलंच तर उत्तर ठरलेलं: होईल सवय. तुम्ही ते कधीच म्हणाला नाहीत. प्रत्येक बारीक गोष्ट तुम्ही माझ्याइतकीच गंभीरपणे घेतलीत.

हवेचं उदाहरण घ्या. रेडिओवर "आज 45" ऐकलं की मला उन्हाळाच वाटायचा, आणि बाहेर पडले की बोटं गारठायची. सेल्सिअसचं गणित मांडून देणारे पुष्कळ भेटले. बत्तीस वजा करा, पाचाने गुणा, नवाने भागा. लेकीला कपडे चढवताना कोण हे करणार? तुम्ही विचारलंत, "पोरीला 101 ताप आला म्हटलं तर तुला कळतं ना?" कळतं. "मग फॅरनहाइट तुला येतंच की. बाहेर 100 म्हणजे हवेलाच ताप आलाय समज. 70 ला सुखाने बसावं. 32 ला पाणी गोठतं, त्याच्या आसपास गेलं की पोरीची टोपी काढू द्यायची नाही." आपण ताप फॅरनहाइटमध्ये मोजतो आणि हवा सेल्सिअसमध्ये, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवत होतात हे नंतर कळलं, आणि मुलांचा हेवा वाटला. हीटरच्या बटणाशेजारी तुम्ही चिकटवलेली चिठ्ठी अजून तिथेच आहे: 68 म्हणजे 20, 72 म्हणजे साधारण 22. आता तिची गरज पडत नाही, पण काढणार नाही.

इस्त्रीचंही तसंच. भारतातून आणलेली इस्त्री अडॅप्टर लावून चालू केली, तर अर्ध्या तासानंतरही कोमटच. मला वाटलं बिघडली. तुम्ही सांगितलंत की अडॅप्टरने नुसता पिनांचा आकार बदलतो, वीज तीच राहते. इथे 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. व्होल्ट जवळपास निम्मे झाले की उष्णता निम्मी होत नाही, साधारण चौथाईच उरते. मग तुम्ही घरातल्या एकेका वस्तूचं लेबल माझ्याकडून वाचून घेतलंत. 100 ते 240 छापलेले चार्जर एका बाजूला, नुसते 230 लिहिलेलं सगळं दुसऱ्या बाजूला.

रस्ता ओलांडताना मात्र तुम्ही काही समजावलं नाहीत. माझी नजर सवयीने उजवीकडे गेली, तिकडे मोकळं दिसलं आणि मी पाऊल टाकलं. इथे अलीकडच्या बाजूने गाडी आधी डावीकडून येते. माझ्या कोपराला तुमची जी पकड बसली ती मला आजही जाणवते. पलीकडे पोहोचेपर्यंत तुम्ही कोपर सोडलं नाहीत, आणि पुढचा महिनाभर त्या चौकात माझ्या डाव्या बाजूलाच चालत राहिलात.

एकदाच माझा बांध फुटला. लेकीच्या लसीच्या कार्डावर 09/10 लिहिलं होतं. मी 9 ऑक्टोबरला गेले, आणि ती तारीख 10 सप्टेंबरची होती, इथे महिना आधी लिहितात. काउंटरवर मला सगळ्यांदेखत ज्या सुरात ऐकवलं गेलं, तो सूर घेऊनच मी तुमच्या दारात आले. तुम्ही आधी पाणी दिलंत, मग फोन करून दुसरी वेळ घेतलीत, आणि माझ्या डायरीत महिना अक्षरात लिहिलात. "कायम असा लिही, म्हणजे जगात कुठेही कुणाचा घोळ व्हायला नको." मी आता ऑफिसातही तसाच लिहिते.

पण सगळ्यात जास्त आठवतो तो पहिल्या नोव्हेंबरमधला शनिवार. संध्याकाळी तुमचा फोन आला, "आज रात्री घड्याळ एक तास मागे जाईल. आईला आत्ताच सांगून ठेव, उद्यापासून तुझा फोन तिच्याकडे तासभर उशिरा पोहोचेल." आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच, त्यामुळे इथून उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर आणि हिवाळ्यात साडेदहा, हे मला ठाऊकच नव्हतं. मग तुम्ही हळूच सांगितलंत की तुम्ही आलात तेव्हा फोन महिन्यातून एकदा व्हायचा, तोही शेजाऱ्यांकडे. तुम्हालाही कुणी घड्याळाचं सांगितलं नव्हतं. तुमच्या आई त्या घरी तासभर बसून राहिल्या, आणि फोन लागला तेव्हा पहिलं एवढंच म्हणाल्या, "बरी आहेस ना गं?" त्यानंतर तुम्ही एकही मार्च आणि एकही नोव्हेंबर चुकवला नाहीत, दर वेळी मला आठवण केलीत. माझ्या आईला कधी वाट बघत बसावं लागलं नाही, काकू. ते तुमच्यामुळे.

यंदा फोन मी करेन. तुमच्या ॲरिझोनात घड्याळ हलवत नाहीत, आमचं हलतं. म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून आपल्यातले तीन तास दोनच होतील. मी नेहमीसारखी अकराला फोन लावेन, पण तुमच्याकडे तेव्हा आठ नाही, नऊ वाजलेले असतील. आठ वाजता फोनपाशी येऊन बसू नका. शनिवारी संध्याकाळी पुन्हा सांगेनच.

तुमची,
खालच्या मजल्यावरची