जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांनी स्वतःची ओळख सांगावी

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या पंधरवड्यात बेळगावातील एका मंगल कार्यालयात ग्रंथप्रदर्शन भरले होते. तेथे मी लागोपाठ दोन दुपारी जाऊन पुस्तके चाळली. खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी पुस्तके निवडण्याचे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. सभासदांची वर्गणी आणि गावातील मंडळींनी हातावर ठेवलेले शे-दोनशे मिळून वर्षाला पंधरा-वीस पुस्तकांपुरतेच पैसे जमतात, त्यामुळे कोणतेही पुस्तक मागून-पुढून पाहिल्याशिवाय मी पावती करू देत नाही. या पाहण्यात जी एक गोष्ट वारंवार खटकली, ती आपल्या वृत्तपत्रातून प्रकाशकांच्या आणि वाचकांच्या कानावर घालावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

कथा-कादंबऱ्यांची टेबले मी या वेळी मुद्दाम टाळली, कारण आमच्या कपाटात त्यांचीच गर्दी आहे. ललितेतर पुस्तकांचा भाग मात्र मनापासून पाहण्यासारखा होता. गांडूळखताच्या पुस्तिकेशेजारी दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’, मधुमेहाच्या आहारावरील पुस्तकाला टेकून इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि त्या दोहोंवर कोणीतरी उघडून पालथे ठेवलेले स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शक, अशी ती मांडणी होती. शिस्तीच्या दुकानात जे पुस्तक शोधायला आपण गेलो नसतो, ते अशा सरमिसळीत हाताला लागते. डॉ. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ मला असाच पाककृतींच्या ढिगाखाली सापडला. पंढरीचा देव आणि कन्नड मुलूख यांचा संबंध उलगडणारा हा 1984चा ग्रंथ आमच्या भागातील वाचनालयात नसावा, याची खंत मला बरेच दिवस होती. तो मी काही विचार न करता घेतला.

त्यापुढचे टेबल ‘अक्षर वाङ्मय’ अशी पाटी लावलेल्या पुनर्मुद्रणांचे होते, आणि माझी तक्रार त्या टेबलापाशी सुरू होते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी आपल्याकडे पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळे होते. आगरकर, टिळक, लोकहितवादी, लक्ष्मीबाई टिळक यांची पुस्तके त्यामुळे आज कोणालाही छापता येतात, आणि ती स्वस्तात मिळतात याचा मला आनंदच आहे. आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे 101 दिवस’ आमच्या गावातील कॉलेजच्या मुलाला एका वडापावच्या पैशांत नाही, तरी दोन-चार प्लेट मिसळीच्या पैशांत मिळावे, यापरते काय हवे? परंतु पुस्तक मोकळे झाले म्हणजे त्याच्या मजकुराला कोणी वाली उरला नाही, असा अर्थ अनेकांनी काढलेला दिसतो.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे उदाहरण घेतो. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक 1857च्या धामधुमीत उत्तरेत गेला, झाशीच्या वेढ्यात सापडला आणि परत येऊन त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले. ते हस्तलिखित चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 साली प्रसिद्ध केले. मात्र तसे करताना त्यांनी गोडसे भटजींची भाषा आपल्या काळाला मानवेल अशी बदलली आणि मजकुरातही फेरफार केले. गोडशांचा स्वतःचा मजकूर छापील स्वरूपात वाचकांपुढे यायला 1966 साल उजाडले, आणि ते काम दत्तो वामन पोतदार यांनी केले. म्हणजे ‘माझा प्रवास’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या संहिता बाजारात नांदत आहेत. त्या टेबलावर या पुस्तकाच्या तीन निरनिराळ्या प्रती होत्या. एकीच्या प्रस्तावनेत ही सगळी हकिकत नीट दिलेली होती. उरलेल्या दोघींवर घोड्यावर बसलेली राणी होती, पाठीवर ‘1857चा आँखो देखा हाल’ अशा धर्तीचा मजकूर होता, आणि आतील भटजी कोणाचे, वैद्यांचे की पोतदारांचे, याविषयी अवाक्षर नव्हते. वाक्यांची धाटणी पाहून मी अंदाज केला, पण हा अंदाज वाचकाने का करावा?

दुसरी गोष्ट लेखनाची. 1962नंतर आपण न उच्चारले जाणारे अनुस्वार सोडून दिले, आणि रोजच्या लिहिण्यात ते गेले याचे मला दुःख नाही. परंतु जुन्या गद्यात ‘तीं आलीं’ असे छापलेले असले, तर ती मुले किंवा माणसे आली हे कळते, आणि ‘ती आली’ असले तर एक बाई आली हे कळते. नव्या छपाईत दोन्ही ठिकाणी ‘ती आली’ होते, आणि घरातली माणसे सतत ये-जा करतात अशा आत्मचरित्रात वाचक दर दोन पानांनी अडखळतो. साहित्य महामंडळाच्या नियमांतच, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीच्या गद्यातील उतारे मुळानुसार छापावेत, असे सांगितलेले आहे. हा नियम लोकहितवादींच्या 1848 ते 1850 या काळातील ‘शतपत्रां’ना सरळ लागू पडतो. (जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ 1873ची आणि चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ 1874ची, म्हणजे एका वर्षाच्या अंतराने ‘गुलामगिरी’ही त्यात बसते, ही गंमत मला टेबलापाशी उभे असतानाच सुचली.) आधुनिक लेखनात छापू नका, असा माझा हट्ट नाही. छापा, पण बदलले आहे एवढे एका ओळीत सांगा.

टंकनाच्या चुकांविषयी फार लिहीत नाही, कारण त्या आता सर्वत्र आहेत. तरी जुनी पाने यंत्राने वाचून घेतल्यावर ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो, हे ठाऊक असूनही मुद्रिते कोणी तपासत नाही, याचे नवल वाटते. ‘घोडे’ सोडून ‘धोडे’ दौडत निघालेले मी एका पानावर तीनदा पाहिले. त्याहून मोठा प्रमाद एका इतिहासग्रंथात आढळला. शेवटी नामसूची होती म्हणून मी आनंदाने एक नाव काढले, समोरच्या आकड्याप्रमाणे पान उघडले, तर तेथे त्या नावाचा पत्ताच नाही. आणखी चार नावे पाहिली, तीही नाहीत. मग उलगडा झाला. मजकूर नव्या अक्षरजुळणीने साठ-सत्तर पानांनी आटोपला होता आणि सूची मात्र जुन्या आवृत्तीतून जशीच्या तशी उचलून शेवटी चिकटवली होती. विक्रीला बसलेल्या तरुणाला मी हे दाखवले. त्याने पुस्तक दोन्ही हातांनी उलटसुलट केले आणि अत्यंत प्रांजळपणे म्हणाला, “काका, सूची कोण बघतंय ओ? तुम्हीच पहिले.” त्याचा राग येणे शक्यच नव्हते, कारण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या चार प्रती त्याने माझ्यासाठी तक्रार न करता फोडून दिल्या होत्या.

या फोडून पाहण्याचे मोल आम्हा सीमाभागातील वाचकांना अधिक आहे. पुण्या-मुंबईचा वाचक चुकीची प्रत आली तर दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भांडू शकतो. आमच्याकडे खानापूरहून बेळगाव गाठायचे आणि तेथे नाही मिळाले तर शंभरावर किलोमीटर कोल्हापूर, असा प्रकार असल्याने बरीचशी पुस्तके टपालाने मागवावी लागतात. दोन वर्षांपूर्वी मी असेच एक गाजलेले आत्मचरित्र मागवले. पुस्तक आले, सभासदांनी वाचले, आणि एका निवृत्त शिक्षिकेने ते परत करताना विचारले, की यातला सासरच्या गावचा भाग कुठे गेला? त्यांच्याकडे माहेरची जुनी प्रत होती. दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा कळले, की आमच्या प्रतीतून जवळजवळ तिसरा हिस्सा गाळलेला आहे. ‘संक्षिप्त’ हा शब्द मुखपृष्ठावर नव्हता, आतील पहिल्या पानावर नव्हता, प्रस्तावनेत नव्हता, कारण प्रस्तावनाच नव्हती. विक्रेत्याला कळवले, तर उघडलेले पुस्तक परत घेत नाही, असे उत्तर आले.

असे नेहमीच घडते, असे मात्र मी म्हणणार नाही. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे 1882चे पुस्तक विस्मरणात गेले होते. स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा छापले म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहे. त्याच मालशे यांनी धनंजय कीर यांच्यासमवेत संपादित केलेले महात्मा फुले समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1969 साली काढले. संपादक कोण आणि पुस्तक मूळ कधीचे, हे अशा ग्रंथांबाबत वाचकाला विचारत बसावे लागत नाही. तेव्हा आपल्याकडे ही रीत नाही, असे कोणी म्हणू नये. रीत आहे, ती मोडली जात आहे.

आणखी एक शल्य सांगतो, ते बेळगावचेच आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म 1831 साली बेळगावात झाला आणि 1888 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘अरुणोदय’ हे मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक आहे. त्याची प्रत आहे का, असे मी प्रदर्शनात विचारले, तर ‘यमुनापर्यटन’ पुढे आले. ‘त्यांचेच आहे ना?’ असा विक्रेत्याचा प्रश्न होता. त्यांचेच आहे, पण ती कादंबरी. बेळगावचे स्वातंत्र्यसैनिक गंगाधरराव देशपांडे यांची ‘माझी जीवनकथा’ही मिळाली नाही. कन्नड पंडित शं. बा. जोशी हे आपल्याच जिल्ह्यातील. त्यांनी मराठीत लिहिलेले ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ मी नावानिशी विचारले, तेव्हा त्या तरुणाने ते नाव वहीत उतरवून घेतले, हे मात्र नोंदवले पाहिजे. जी पुस्तके दहा प्रकाशक छापतात ती अकराव्याने छापण्यापेक्षा अशा पुस्तकांकडे कोणी वळले, तर निदान आम्ही पहिल्याच दिवशी पाच प्रती घेऊ.

माझी मागणी मोठी नाही. प्रकाशक, मुद्रक आणि किंमत ज्या पानावर छापतात, त्याच पानावर तीन-चार ओळींत एवढे द्यावे : पुस्तक मूळ कोणत्या साली निघाले, ही प्रत कोणत्या आवृत्तीवरून घेतली, लेखन बदलले का आणि काही गाळले का. ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ हे शब्दही नीट वापरावेत. मजकुराला हात न लावता पुन्हा छापलेल्या पुस्तकाला ‘सुधारित चौथी आवृत्ती’ म्हणण्याची आवश्यकता नाही, आणि अर्धे कापलेल्याला ‘पुनर्मुद्रण’ म्हणण्याची तर मुळीच नाही.

दुसरी विनंती, संपादक महोदय, आपल्यालाच आहे. आपल्या रविवारच्या अंकात नव्या पुस्तकांची पोच येते. त्यात पृष्ठे आणि किंमत असते, मुखपृष्ठाचे कौतुकही क्वचित असते. पुस्तक पुनर्मुद्रित असेल तर ते कोणत्या प्रतीवरून छापले आहे, हा एक रकाना त्यात वाढवावा. प्रकाशकाने ती माहिती दिली नसेल तर ‘माहिती दिलेली नाही’ एवढेच छापावे. आपल्या अंकात दोनदा तसे छापून आले, की तिसऱ्या पुस्तकात माहिती येईल, असा माझा कयास आहे.

तोवर आम्ही गावात आमच्यापुरती व्यवस्था केली आहे. वाचनालयातील प्रत्येक पुनर्मुद्रित पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी खळीने एक चिठ्ठी डकवतो आणि तीवर शाईने लिहितो, की ही प्रत अमुक सालच्या मजकुरावरून घेतलेली आहे, पूर्ण आहे किंवा संक्षिप्त आहे. ‘माझा प्रवास’ची चिठ्ठी परवाच लिहून झाली. या खेपेला आणलेल्या आणखी दोन पुस्तकांच्या चिठ्ठ्या डकवून ठेवल्या आहेत, पण त्यांवर काय लिहायचे ते दोन्ही प्रकाशकांना पत्र पाठवूनही अद्याप कळलेले नाही.

आपला नम्र,
एक वाचक
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव