खोडदचा सायकलवाला आणि चिलीतला घुमट

मुक्काम अंतोफागास्ता, चिली
सप्टेंबर 2024

प्रिय संज्या,

कंपनीच्या पंपांच्या कामासाठी इकडे आलोय हे तुला माहीत आहेच. काम कंटाळवाणं आहे, ते सोडून देऊ. शनिवारी पारानालची वेधशाळा बघून आलो. दर शनिवारी लोकांना फुकट दाखवतात, फक्त नाव आधी नोंदवावं लागतं. तिथल्या 8.2 मीटरच्या चार दुर्बिणी डोळे भरून बघितल्या, पण माझा जीव अडकला होता समोरच्या डोंगरात.

तो सेरो आर्माझोनेस. उंची 3046 मीटर. 2014 मध्ये सुरुंग लावून त्याचा माथा सपाट केला आणि आता त्यावर 39 मीटर आरशाची दुर्बीण उभी राहतेय. तू म्हणशील, आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची तबकडी 45 मीटरची, मग ही लहानच की! अरे, ती तारांची जाळी, आरपार आभाळ दिसायचं. रेडिओलहरी लांब, त्यांना जाळी चालते. प्रकाशाला काच लागते, तीही अशी घासलेली की बोलायची सोय नाही. एवढी काच एकसंध ओतता येत नाही, म्हणून 798 षट्कोनी तुकडे, प्रत्येक दीडेक मीटरचा. एखाद्या अंगणात फरशी बसवावी तसे जुळवणार.

आता फोटोचं. उधार आणलेली 600 मिलिमीटरची लेन्स लावली आणि हिरमुसलो. मधलं अंतर वीस-बावीस किलोमीटर. दुर्बिणीवरचा घुमट 88 मीटर रुंद, 80 मीटर उंच, पण चौकटीत आडवे चौदा-पंधरा मावतील एवढाच. इथून तो पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहूनही लहान दिसतो. पोलादी फासळ्या, बाजूच्या क्रेनच्या सुया, बास. वर दुपारची तापलेली हवा. प्रत्येक फोटोत घुमट पाण्यात बुडवल्यासारखा थरथरलेला. मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि मग आठवलं, रात्री का असेना, पण याच हवेच्या थरथरीवर इलाज म्हणून ह्या लोकांनी दुर्बिणीतला चौथा आरसाच वेगळा केलाय. पातळ, पाच हजारांवर चुंबकांनी हलणारा, सेकंदाला हजार वेळा आकार बदलणारा. माझ्याकडे ट्रायपॉड होता.

खरी अडचण वेगळीच. हे वाळवंट असं की मापाला काही नाही. झाड नाही, विजेचा खांब नाही. आपल्याकडे कुठलाही फोटो काढ, कोपऱ्यात म्हैस तरी येतेच. 1995 साली खोडदला बांधकाम चालू असताना आपण गेलो होतो, आठवतं? रोलमधला शेवटचा फोटो उरलेला, तू ‘थांब, तो सायकलवाला तबकडीखाली येऊ दे’ म्हणून माझा हात धरलास. तेव्हा मी वैतागलो होतो. पण त्या माणसामुळेच तबकडी केवढी ते कळायचं.

काल रात्री हॉटेलात सगळे फोटो मोठे करून बघितले. एकशे दहा तरी बाद. एकात डोंगराच्या रस्त्यावर एक पांढरा ठिपका आहे, मागे धुळीची शेपटी. गाडी आहे. ती बघितली आणि वरचा घुमट एकदम अंगावर आला रे.

तो फोटो धुरकट आहे, स्पर्धेबिर्धेत कुणी उभा करणार नाही. तरी मोठा छापून आणतोय. तू तेवढी माळ्यावरची ट्रंक उघडून खोडदची निगेटिव्ह शोधून ठेव. वहिनींना सांगू नकोस की मी सांगितलं, मागच्या वेळी धूळ त्यांनाच झाडावी लागली होती.

तुझा,
विन्या