“तुम्ही बहिणी का?”

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आमच्या येत्या प्रवासाबद्दल बाबांनी विचारले, “त्या शहरात तुम्हा दोघींना कोणी त्रास देणार नाही, हे जाण्याआधी कळते तरी कसे?” मी “कळते हो” म्हणून विषय आटोपता घेतला आणि नंतर मनाला रुखरुख लागून राहिली. बाबांनी “तुम्हा दोघींना” असे म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि नेमके त्याच वेळी मी नीट उत्तर दिले नाही. ते आता सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी आम्ही कायदा पाहतो. जगात आजही साठेक देशांत समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. तिथे आम्ही जात नाही. जिथे समलिंगी विवाहाला मान्यता आहे तिथे निम्मी काळजी मिटते, कारण परक्या गावात आमच्यापैकी एकीला रुग्णालयात दाखल करावे लागले, तर दुसरीला “तुम्ही यांच्या कोण?” या प्रश्नाचे खरे उत्तर देता येते आणि ते ऐकून कोणी चमकत नाही. पण कायदा असला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास संविधानातच मनाई करणारा पहिला देश दक्षिण आफ्रिका. १९९६ च्या संविधानात ते कलम आहे आणि २००६ पासून तिथे समलिंगी विवाहही होतात. तरीही तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये समलिंगी स्त्रियांवर बलात्कार झाले, त्यांचे खूनही झाले. केप टाउनमधील पर्यटकांच्या रस्त्यांवर निर्धास्त हिंडताना हे विसरणे मला योग्य वाटत नाही.

शहराची खरी पारख हॉटेलच्या काउंटरवर होते, असे मी अनुभवाने म्हणते. तीन वर्षांपूर्वी आम्ही एका शहरात रात्री अकरा वाजता पोहोचलो. खोली एका मोठ्या पलंगाची घेतली होती. काउंटरवरच्या गृहस्थांनी आमचे पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, दोन्ही आडनावांवरून बोट फिरवले आणि विचारले, “तुम्ही बहिणी का?” आडनावे वेगळी, चेहऱ्यांत काडीचे साम्य नाही, तरी मी “हो” म्हणाले. त्यांनी दोन सुट्या खाटांची खोली दिली. खोलीत गेल्यावर माझी जोडीदार काहीच बोलली नाही. तिने दोन्ही खाटा ओढून एकमेकींना लावल्या आणि मधली फट उशी घालून बुजवली. सफाईला येणाऱ्या बाईंना दिसू नये म्हणून सकाळी आम्ही त्या पुन्हा जागच्या जागी सरकवल्या. चार दिवस हे रोज चालले. आई, तेव्हा तू फोनवर “मजेत आहात ना?” असे विचारले होतेस आणि मी तुलाही “हो” म्हणाले होते.

असे अनुभव आले की इंग्लंडमधील एक खटला आठवतो. २००८ साली कॉर्नवॉलमध्ये अतिथिगृह चालवणाऱ्या एका दांपत्याने, आमच्या धर्मश्रद्धेप्रमाणे दुहेरी पलंग फक्त विवाहित स्त्री-पुरुषांनाच देतो, असे सांगून आपल्या नात्याची कायदेशीर नोंदणी केलेल्या दोन पुरुषांना खोली नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ साली निकाल त्या दोघांच्या बाजूने लागला. एका पलंगासाठी पाच वर्षे! तो निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे.

आम्सटरडॅममध्ये मात्र काउंटरवरच्या मुलीने आमची नावे पाहिली, न्याहारीची वेळ सांगितली आणि किल्ली हातात ठेवली. इतकेच. ज्या देशाने १ एप्रिल २००१ रोजी जगात सर्वप्रथम समलिंगी विवाह कायदेशीर केला, त्याच्या राजधानीत मध्यरात्र उलटताच खुद्द महापौरांनी चार जोडप्यांचे विवाह लावले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही कालव्याकाठचे ‘होमोमॉन्युमेंट’ पाहिले. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवलेला असे. त्याच खुणेवरून १९८७ साली गुलाबी ग्रॅनाइटचे तीन मोठे त्रिकोण तिथे उभारले गेले. त्यांतला एक पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरतो. कोणीतरी तिथे फुले ठेवून गेले होते, पलीकडे एक आजोबा पाण्याकडे पाहत बसले होते, आणि आम्ही दोघी हातात हात घेऊन बराच वेळ तिथे थांबलो. तेवढ्या वेळात मी एकदाही मागे वळून पाहिले नाही, हे मला परतताना लक्षात आले. त्या शहराच्या पोलिसांत समलिंगी नागरिकांच्या तक्रारी ऐकून घेणारे ‘गुलाबी निळ्यात’ अशा अर्थाच्या नावाचे एक पथकही आहे. शिवी ऐकू आली, धक्काबुक्की झाली, तर कोणाकडे जायचे हे प्रवाशाला ठाऊक असणे मला फार मोलाचे वाटते.

इंद्रधनुषी झेंड्यांबद्दल आईने विचारले होते. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत तो प्रथम फडकला आणि तो दिसला की मला आजही बरे वाटते. पण समलिंगींच्या उत्सवाच्या जून महिन्यापुरता दारावर लागणारा झेंडा पाहून मी हॉटेल निवडत नाही. शिवाय पुष्कळ शहरांत ‘समलिंगींचा भाग’ म्हणून जे दाखवतात ते बहुतेक पुरुषांचेच अड्डे असतात, आणि दोन बायकांना निवांत बसायला जागा शोधावी लागते.

या खेपेस आम्ही तैपेईला जात आहोत. २०१८ च्या सार्वमतात तैवानच्या बहुसंख्य मतदारांनी समलिंगी विवाहाच्या विरोधात कौल दिला होता; तरीही न्यायालयाच्या आदल्या वर्षीच्या निर्णयाचा मान राखून संसदेने स्वतंत्र कायदा केला आणि २४ मे २०१९ पासून विवाहांची नोंदणी सुरू झाली. आशियात असे प्रथमच घडले. म्हणजे रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण आमच्या बाजूचा असेल असे नाही, हे मी बाबांपासून लपवत नाही. मात्र त्या शहरात २००३ पासून दर वर्षी समलिंगींची पदयात्रा निघते, आणि आपल्याला न पटणाऱ्या माणसांनाही शेजारी म्हणून वागवण्याची तिथल्या लोकांना सवय झाली आहे, असे तिथे राहून आलेल्या आमच्या मैत्रिणी सांगतात.

या वेळी मी हॉटेलला आधीच स्पष्ट लिहिले की आम्ही दोन स्त्रिया आहोत, जोडपे आहोत, आणि आम्हाला एकच मोठा पलंग हवा आहे. दोन ओळींचे उत्तर आले: खोली राखून ठेवली आहे, खिडकी रस्त्याच्या बाजूची हवी की डोंगराच्या? आम्ही डोंगराची मागितली. खोलीत सामान ठेवले की लगेच फोन करीन.

तुमची लेक